बाबांचा वस्तरा, काकांचा गाल

तिला माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे धांदल म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं फिट्ट बसलं होतं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तिला त्याचा राग येत नसे. राग धरायचा तर जरा थांबावं लागतं, आणि थांबणं तिला कधी जमलंच नाही. दूध उतू जायच्या आधीच ती गॅस बंद करायला धावायची आणि धावताना दुधालाच धक्का द्यायची.

कामावर मात्र हीच बाई वेगळी असे. दातांच्या दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत ती कवळ्या बनवायची. प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, बारीक चाकं आणि फडताळावर हारीनं मांडलेले दुसऱ्यांचे दात. हातात कवळी आली की तिचा श्वाससुद्धा हळू व्हायचा. घरी बशी फोडणारे तेच हात तिथं दाताची कड केसाएवढी घासत आणि त्याहून जास्त एक कणही नाही. तिचा नवरा म्हणायचा, "अहो डॉक्टर, हिला घरी पाठवताना कामावरचे हात पण बरोबर पाठवत जा."

तर त्या सोमवारी संध्याकाळी धांदल काकांकडे सामान बांधायला गेली होती. काका म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन चालला होता, दूरच्या शहरात. रविवारी सकाळची गाडी होती. काकांनी आयुष्यभर जमिनी मोजायची नोकरी केली होती आणि त्या नोकरीनं त्यांच्या नजरेला एक खोड लावून ठेवली होती, सगळं वाकडंच दिसायचं. भिंत वाकडी, टेबल वाकडं, माणसं तर वाकडीच. काकांना एखाद्या गोष्टीत खोट सापडली नाही तर घरातले त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघत.

न्हाणीघरातल्या आरशाचं कपाट रिकामं करताना काकांनी एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू तिच्यापुढे धरली.

"हे घे. तुझ्या बापाचं. हवं तर ठेव, नको तर भंगारात टाक."

तिनं फडकं उलगडलं. बाबांचा वस्तरा!

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. हा वस्तरा त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेला. काळ्या शिंगाची मूठ, मधे खोलगट घासलेलं रुंद पातं, आणि उघडताना होणारा एक बारीकसा आवाज. लहानपणी धांदल दुकानातल्या फळीवर हनुवटी टेकून तो वस्तरा पट्ट्यावर वर-खाली होताना बघत बसायची. हात मात्र कधी लावू दिला नाही. "तू लांबूनच बघ. तुझ्या हाताला दम नाही," असं बाबा म्हणायचे. पुढे दुकानात बदलायच्या पात्यांचे वस्तरे आले, मग दुकानही बंद झालं, पण बाबांनी एक गिऱ्हाईक मात्र धरून ठेवलं. दर रविवारी सकाळी ते थोरल्या भावाकडे जायचे आणि ह्याच वस्तऱ्यानं त्याची दाढी करायचे. वस्तरा शेवटी तिथंच राहायला लागला. मग बाबा आजारी पडले, गेल्या थंडीत गेले, आणि वस्तरा न्हाणीघरातल्या ओलीत तसाच पडून राहिला. काका तेव्हापासून कसल्याशा मशीननं गाल खरडत होते. त्यांचे गाल कायम अर्धवट कापलेल्या गवतासारखे दिसायचे.

आता पातं सगळं तांबूस झालं होतं. मूठ एका बाजूनं तडकली होती. उघडायला गेली तर उघडेना. धांदलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी अंगात वीज पण संचारली. हे दोन्ही एकदम होणं हीच तर तिची खासियत होती.

"काका! मी हा नीट करते."

"कर की."

"आणि रविवारी तुम्ही निघायच्या आधी ह्याच वस्तऱ्यानं तुमची दाढी करते!"

काका खोक्याला दोरी बांधत होते. ते थांबले आणि खो खो हसायला लागले. "धांदलीच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली माझा गळा! अगं, मला मुलाकडे जायचंय, भावाकडे नव्हे."

"काका, मस्करी नाही. मी दिवसभर ह्याहून बारीक कामं करते."

"प्लास्टरच्या तोंडांवर. ती ओरडत नाहीत." पण मग त्यांनी दोरी खाली ठेवली. वस्तरा त्यांनी तिच्या हातातून घेतला, उलटा-पालटा केला आणि परत दिला. "झाला नीट तर ये. बघू. पण एक आत्ताच सांगून ठेवतो, माझ्यापुढे चमकवून आणू नकोस. मी डोळे मिटून बसणार. गालाला लागला की मला कळेल, त्याचा आहे की नाही. नसेल तर तोंडावर सांगीन, नाही म्हणून. तुझं मन राखायला खोटं बोलणार नाही."

घरी येताना धांदलीच्या डोक्यात हेच घुमत होतं. बाबांच्या हातचा हा वस्तरा ज्याच्या गालाला ठाऊक होता असा माणूस जगात आता एकच उरला होता, आणि तो रविवारी निघून जाणार होता. आजोबा गेले, बाबा गेले, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं गेली. वस्तरा कितीही लखलखीत केला तरी तो बाबांचा झाला की नुसताच चांगला झाला हे सांगणारा रविवारनंतर कुणी राहणार नव्हता. तिला ते ऐकायचंच होतं. ज्या वस्तूला बाबांनी तिला हात लावू दिला नाही, ती आपल्या हातानं जिवंत झाली, हे तिला एकदा त्यांच्या भावाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं पात्याकडे बारकाईनं बघितलं. "सुंदर आहे. इकडे एक खंड दिसतोय, इकडे महासागर. पुसू नकोस, वर्गात लावतो."

"अहो, विनोद पुरे. रविवारपर्यंत धार लागली पाहिजे."

"आणि रविवारी काकांना लागली तर?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप वर्तमानपत्राआड गेला.

कामाला ती अशी लागली की विचारू नका. रात्रभर वस्तरा तेलात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातल्या बारीक ड्रिलनं मुठीच्या पिना काढल्या, तेव्हा पातं अलगद हातात आलं. समोरच पॉलिशचं चाक होतं. कवळ्या त्याच्यावर धरल्या की आरशासारख्या होतात. हात शिवशिवत होता. पण दवाखान्यात कात्र्यांना धार लावायला येणारा धारवाला तिला एकदा बोलता बोलता म्हणाला होता, "बाई, चाकावर पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं. मग वरून लाख चमकू दे, आतून तो चमचाच." ते आठवलं आणि तिनं चाकाकडे पाठ केली. सगळं हातानंच करायचं ठरलं. कवळ्यांना लावायची बारीक पूड, तेल, फेल्टच्या लोकरी कापडाचा तुकडा आणि अंगठा. घास, पूस, बघ. घास, पूस, बघ.

आणि मग तांबूस थराखालून पोलाद दिसायला लागलं! आधी एक ठिपका, मग नखाएवढं, मग बोटभर. करडं, थंड, जिवंत पोलाद. ती खुर्चीतून उठून सरळ डॉक्टरांच्या खोलीत घुसली. आत एक पेशंट आ वासून बसला होता. "डॉक्टर, बघा! निघतंय!" पेशंटला वाटलं आपलाच दात निघतोय. तो खुर्चीतून उतरायलाच निघाला, त्याला धरून बसवावं लागलं.

पाठीकडे गंजाचे थोडे खड्डे राहिले, पण धारेची कड शाबूत होती. मुठीचा तडा मात्र भरायला हवा होता. शिंगाचा तुकडा कुठून आणणार? तिच्याकडे भरायला एकच वस्तू होती, कवळीच्या हिरड्या बनवायचा मसाला. तो तिनं तड्यात भरला, घट्ट झाल्यावर घासून गुळगुळीत केला आणि पिना ठोकून पातं परत मुठीत बसवलं. काम अगदी बेमालूम झालं. फक्त काळ्या मुठीवर एक गुलाबी पट्टा उमटला, तो लांबूनही दिसत होता. तिला तो भलताच आवडला.

आता धार. तिनं एक नवा कोरा सपाट दगड विकत आणला. नवऱ्याचा चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला. दगडावर घासायचं, पट्ट्यावर फिरवायचं आणि हातावरचे केस उडतात का बघायचं. बुधवारपर्यंत तिचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. मग तिनं उजव्याला सुरुवात केली. नवरा पँट एका हातानं धरून शाळेत गेला आणि जाताना म्हणाला, "हात संपले की माझ्याकडे येणार असशील, तर मी मुक्कामाला शाळेतच राहतो."

वस्तरा कापत होता, पण एक गोम होती. पात्याचा मुठीकडचा एक भाग केस कापतच नव्हता, नुसताच वरून सरकत होता. आता हिनं काय केलं, तर आपल्या धंद्यातली युक्ती वापरली. कवळी तोंडात वर-खाली नीट बसते का हे बघायला निळ्या रंगाचा एक पातळ कागद असतो. तो दातांत धरून चावायला सांगतात. जिथं दात टेकतो तिथं निळा डाग पडतो. तिनं तो कागद दगडावर चोळला, दगड निळा केला आणि त्यावरून पातं एकदा अलगद ओढलं. धारेवर निळी रेघ उमटली, टोकापासून निघून जवळजवळ शेवटपर्यंत, आणि नेमकी त्या भागात तुटली. तिथं पातं दगडाला टेकतच नव्हतं. धार तिथं किंचित आत गेली होती.

"सापडलीस!" ती ओरडली. कवळीत असं झालं तर काय करायचं हे तिच्या हातांना झोपेतही माहीत होतं. जिथं जास्त टेकतंय ते घासायचं, जोवर सगळं सारखं टेकत नाही तोवर. तिनं बाही वर केली आणि बाकीचं पातं घासून त्या भागाएवढं उतरवायला घेतलं. निळी रेघ पुढे सरकू लागली, कोरी जागा आक्रसू लागली. दर खेपेला ती आनंदानं दगडावर टिचकी मारायची. बाबांना आयुष्यभर जमलं नाही ते मी आठवड्यात सरळ करते आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते गोड वाटलं. कोरी जागा अर्धी झाली तेव्हा कामावर जायची वेळ झाली.

त्या दिवशी दवाखान्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. महिन्यापूर्वी धांदलीनं त्यांना नवी कवळी करून दिली होती. जुनीवरून हुबेहूब, फक्त समोरच्या दोन दातांच्या मधे झिजून एक खाच पडली होती ती भरून काढली होती. ती कवळी तिची त्या महिन्यातली सगळ्यात देखणी कवळी होती.

बाईंनी ती काढून तिच्या टेबलावर ठेवली. "दिसायला झकास आहे हो. पण माझा दोरा तुटत नाही."

"दोरा?"

"शिवताना दोरा दातानं तोडते ना मी. जुनीत तो बरोबर खाचेत बसायचा. हिच्यात नुसता सरकतो. दिवसभर कात्री शोधण्यात जातो माझा. तेवढी माझी खाच मला परत करून द्या बाई."

धांदल हसली. बारीक चकती लावली आणि दोऱ्याची जागा दातावर आखून घेतली. दोऱ्यानं झिजवलेली खाच, दोऱ्याच्या मापाची. चकती दाताला टेकली आणि तिचा हात तिथंच थांबला.

दातात खाच पाडली दोऱ्यानं. मग वस्तऱ्याची धार आत गेली ती कशानं?

पात्याला रोज घासणारी गोष्ट एकच. दगड. बाबांचा दगड!

"अरे देवा," ती मोठ्यांदा म्हणाली. "मी खाच बुजवतेय!"

"बुजवू नका हो, पाडा," शिवणबाई घाबरून म्हणाल्या.

बाईंची खाच तिनं मन लावून पाडून दिली, कारण हातात कवळी असेपर्यंत ती धांदल नसायची. दोरा तोडून पाहिला, कट्कन तुटला. बाई खूश होऊन गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग धांदलही एप्रनवरच दवाखान्याबाहेर पडली. रस्त्यानं लोक बघत होते. अर्धी खाच तर आपण आपल्या हातानं, मोठ्या शहाणपणानं, घासून टाकली होती. वस्तरा सपाट दगडावर टेकत नव्हता, कारण तो सपाट दगडाचा नव्हताच. वरचा जबडा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा घेऊन ती बसवत होती, आणि हीच चूक कुणी शिकाऊ पोरीनं केली असती तर हिनं तिला दिवसभर फैलावर घेतलं असतं. स्वतःची तिला इतकी चीड आली की तिनं वाटेतल्या एका रिकाम्या डब्याला लाथ मारली.

काकांच्या घरी चुलत भाऊ येऊन पोचला होता. सगळीकडे खोकी रचलेली होती.

"काका, बाबांचा दगड! धार लावायचा. तो पण इथंच आणून ठेवला होता ना त्यांनी? कुठाय?"

"कुठला दगड? असेल कुठंतरी." काका कपाळाला आठ्या घालून विचार करू लागले. "अगं हो. तो कपाटाखाली आहे. फरशी वाकडी आहे ना इथली, कपाट डुगडुगायचं. लावून टाकला पायाखाली."

धांदल जमिनीवर आडवीच झाली. कपाटाच्या मागच्या पायाखाली, धुळीत, तो होता. काळपट, लांबट, कडा बोथट झालेला. पुढच्या गोंधळाचं वर्णन न केलेलं बरं. चुलत भावानं कपाट खांद्यानं उचलून धरलं, ती खालून दगड ओढत होती, आणि काका मधोमध उभे राहून दोघांनाही चुका सांगत होते. "डावीकडे! अरे, डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे नाही. जाता जाता घर पाडूनच जायचं आहे का?" दगड निघाला तेव्हा कपाट एका अंगाला कललं आणि कललेलंच राहिलं. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

तिनं दगड नळाखाली धुतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला लागलं. सगळा दगड झिजून किंचित खाली गेला होता, फक्त एका कडेनं लांबच लांब एक बारीक उंचवटा राहिला होता. बाबा वस्तरा नेहमी एकाच ठेक्यात सरळ ओढत. मुठीकडचा भाग त्या कडेवरून जाई. दगड वस्तऱ्याला घडवत गेला आणि वस्तरा दगडाला.

निळा कागद तिच्या एप्रनच्या खिशात कायम असायचाच. पातं मात्र घरी होतं. घरापर्यंत ती चालत गेली की पळत, हे तिला विचारलं तर सांगता येणार नाही. जुना दगड निळा केला, पातं ठेवलं, एकदाच ओढलं आणि उजेडात धरलं. नव्या दगडावर जी जागा कोरी राहायची, नेमकी तीच आता निळी झाली होती, आणि बाकी सगळं कोरं होतं.

"अहो! अहो, इकडे या! लवकर!"

नवरा पँट सावरत धावत आला. त्याला वाटलं बोट तुटलं. ती स्वयंपाकघरात वस्तरा हातात धरून नाचत होती, आणि ते दृश्य बघून तो दारातच थांबला. "आधी तो खाली ठेव. मग मी आनंदात सहभागी होतो."

दोन दिवस तिनं जुन्या दगडावर घासलं. आता उलटं काम होतं, जी खाच ती भरून काढायला निघाली होती तीच परत पाडायची. हळूहळू निळा रंग त्या जागेपासून दोन्हीकडे पसरत गेला. शनिवारी दुपारी एकदा ओढलं आणि टोकापासून शेवटपर्यंत एकसंध निळी रेघ उमटली. तिला हसू आवरेना. पट्ट्यावर फिरवून तिनं कानाजवळ पातं उघडलं. तोच बारीकसा आवाज झाला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

राहिलं होतं ते दाढी करायला शिकणं. प्लास्टरच्या एका तोंडावर तिनं गुलाबी मेणाचे गाल चढवले, साबणाचा फेस लावला आणि मेणाला ओरखडा न काढता फेस उतरवायचा सराव केला. पहिल्या खेपेला त्या बिचाऱ्याचा अर्धा गाल गेला. चौथ्या-पाचव्या खेपेला काही गेलं नाही. नवरा दारातून बघत होता. शेवटी तो येऊन खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. "एकच गाल. आणि काही झालं तर शाळेत तू स्वतः येऊन सांगायचंस." तिनं तो गाल असा काही साफ केला की त्यानं आरशात बघून न बोलता दुसराही पुढे केला.

रविवारी सकाळी धांदल नवऱ्याला घेऊन पोचली तेव्हा काकांच्या दाराशी टॅक्सी उभी होती. चुलत भाऊ घड्याळ बघत येरझारा घालत होता. "ताई, उशीर होतोय गं. मी तिकडे गेल्यावर त्यांना चांगल्या दुकानात नेतो ना!" काका मात्र रिकाम्या खोलीत, खिडकीपाशी उरलेल्या एकाच खुर्चीवर, गळ्याभोवती टॉवेल घेऊन ताठ बसले होते. वस्तऱ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"हे गुलाबी काय? ह्याला हिरड्या बसवल्यास?"

"डोळे मिटा काका."

"मिटतो. लक्षात आहे ना? खोटं बोलणार नाही."

"नका बोलू."

तिनं फेस लावला. वस्तरा हातात आला आणि श्वास आपोआप संथ झाला. कानाजवळून पहिला पट्टा खाली आला. फेसाखालून गाल निघाला, स्वच्छ. दुसरा पट्टा. तिसरा. काका काहीही बोलत नव्हते. ना खुर्ची वाकडी, ना पाणी गार, ना हात जड. एवढा वेळ गप्प बसलेले काका तिनं जन्मात पाहिले नव्हते, आणि त्यामुळे तिला जास्तच धाकधूक वाटत होती. हनुवटी, वरचा ओठ, मान. चुलत भाऊसुद्धा घड्याळ विसरून दारात उभा राहिला होता.

तिनं उरलेला फेस पुसला आणि मागे सरली. "झालं, काका."

काकांनी डोळे उघडले नाहीत. टॉवेलातून हात काढून त्यांनी तळवा गालावरून फिरवला. एक गाल, दुसरा गाल. मग बोटं जबड्याखाली गेली, मानेच्या वळणावर, आणि तिथं थांबली. मागे गेली, पुन्हा त्याच जागी आली.

"राहिलंय इथं," ते म्हणाले.

धांदलीचा चेहरा उतरला. इतका आटापिटा करून! "कुठं? थांबा, परत फिरवते. आत्ता काढते."

ती वस्तरा घेऊन वाकली तर काकांनी तिचं मनगट धरलं. डोळे अजून मिटलेलेच होते, पण मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं.

"दर रविवारी," काका म्हणाले. "दर रविवारी इथं चार केस ठेवायचा. दर रविवारी मी ओरडायचो, अरे, जबड्याखाली राहतंय. म्हणायचा, दादा, काही राहिलेलं नाही, तुला सगळीकडे खोटच दिसते. मरेपर्यंत कबूल झाला नाही." त्यांनी तिचं मनगट सोडलं. "गेला, तरी सुधारला नाही गं तो."

धांदलीनं वस्तरा खाली ठेवला. मग तिनं स्वतः त्या जागी बोट लावून बघितलं. राहिले होते. खरंच चार पांढरे खुंट राहिले होते, अगदी त्या खाचेएवढ्या जागेत, जिथं मान आत वळते आणि पात्याची खाच टेकत नाही. ती हसली, रडली, तिनं फेसाच्या हातांनी काकांना मिठी मारली आणि त्यांचा प्रवासाचा सदरा खराब केला. "राहिलंय! अहो, राहिलंय!" ती नवऱ्याकडे बघून ओरडत होती, आणि टॅक्सीवाला दारातून डोकावून बघत होता की ह्या घरात नेमकं काय राहिलंय.

टॅक्सीत बसल्यावर चुलत भाऊ म्हणाला, "बाबा, तेवढं तिकडे गेल्यावर मी मशीननं साफ करून देतो."

"हात लावून तर बघ," काका म्हणाले.

टॅक्सी निघाली. मागच्या काचेतून काका दिसत होते. त्यांनी हात हलवला नाही, कारण त्यांचं बोट जबड्याखाली होतं.